कडू औषधात पाणी

योसोकानू
सोमवार, ३ फेब्रुवारी १९९७

कोम्पाद्रे बासिलिओ,

आम्ही सुखरूप पोचलो. तुमचं नाव सांगितल्याबरोबर ड्रायव्हर तिबुर्सिओनं बसमधली मागची अख्खी लांब सीट आम्हाला सोडली, त्यामुळे फिना सात तास आडवी होऊन आली. सीटच्या शिवणीवरून बोट फिरवत म्हणाली, "आई, ही माझ्या पाद्रिनोच्या हातची. दुहेरी टाका आहे." पुएब्लात राहून तुम्ही, तिच्या धर्मबापानं, तिला एवढंच शिकवलंत, पण ते तिनं पक्कं लक्षात ठेवलंय.

फोन न करता लिहितेय, त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. गावात फोन एकच, दोन्या चोलेबाईच्या दुकानात. ती आधी कर्ण्यावरून गावभर नाव पुकारते आणि मग आपलं बोलणं संपेपर्यंत शेजारी काळा घेवडा निवडत बसते. तिचा घेवडा कधीच संपत नाही.

त्या दिवशी तुम्ही इस्पितळाच्या फाटकाशी थांबलात आणि वर मी एकटी गेले. खाली आल्यावर मी तुम्हाला सांगितलं, "नवीन औषध दिलंय." ते अर्धंच होतं. उरलेलं आज लिहिते. पायातला आजार छातीत चढलाय. आता सलाइनमधून ते जाळणारं औषध चढवण्यात अर्थ नाही, लेकराचे नुसते हाल होतील. डॉक्टर इरासेमा पोरसवदा दिसते, पण बोलते सरळ. म्हणाली, "बाई, आजार आता माझ्या हातात नाही. दुखणं आहे. ते मी सोडणार नाही."

औषधाचं नाव मॉर्फिन. पातळ असतं, तपकिरी बाटलीत, चवीला जहर कडू. एक लहान चमचा, दर चार तासांनी, घड्याळ लावून. लेकरू रडत असो की हसत असो, द्यायचंच. मी म्हटलं, दुखेल तेव्हा दिलं तर? ती म्हणाली, "तुमच्याकडे छप्पर पाऊस सुरू झाल्यावर शाकारतात का?" पहिले दोन दिवस गुंगी येईल, घाबरू नका म्हणाली. पोट हमखास धरेल, शौचाला होणार नाही, म्हणून पपई आणि सोबत दिलेलं तेल रोज. नाक खाजेल. दम लागला तर उशा लावून बसवायचं, गालावर पंख्याचा वारा घालायचा, ओठ ओल्या फडक्यानं टिपायचे. माझ्याकडून तिनं सगळं तीनदा वदवून घेतलं, शाळेतल्यासारखं.

आता तुमचं काम. ही बाटली फक्त त्याच खिडकीवर मिळते, मंगळवारी, पंधरा दिवसांना एक. आणि कागदावर ज्याचं नाव त्याच्याच हातात. पोरीला सोडून मी सात तास येऊ कशी? मी तुमचं नाव दिलं. विचारलं नाही, माफ करा. बाप्तिस्म्याच्या पाण्यावर तुम्हीच तिला धरलंत, तिचे पाद्रिनो झालात आणि माझे कोम्पाद्रे. तिचा बाप नाबोर तिकडे उत्तरेत परक्यांच्या शेतात वाकलेला. दुसरं कोणाचं नाव देणार?

बाटली तिबुर्सिओच्या हाती पाठवा. आणि जमलं तर एकदा स्वतः या. ती रोज विचारते.

तुमची कोमाद्रे,
एर्मेलिंदा


पुएब्ला
शुक्रवार, ७ फेब्रुवारी १९९७

कोमाद्रे एर्मेलिंदा,

पत्र वाचलं. काय लिहू? मी शिवणारा माणूस, फाटलेलं दिसलं की हात सुईकडे जातो. इथं सुई कुठं घालू कळेना. असो.

मंगळवारी खिडकीवर गेलो. बाबूनं कागदावर अंगठा मागितला. तीन वेळा शाई लावली, तिन्ही वेळा नुसता डाग. म्हणाला, "सेन्योर, तुम्हाला अंगठाच नाही." मी म्हटलं, "बाबा, पोत्यांना टाके घालत या शहरात आलो, आज बारा माणसं माझ्या हाताखाली बससीटा शिवतात. अंगठ्याच्या रेघा त्या वाटेवरच गेल्या." मागच्या रांगेतल्या बायकासुद्धा हसल्या. शेवटी करंगळीवर भागलं. फिनाला सांगा, तिचा पाद्रिनो सरकारदरबारी करंगळीएवढा उरलाय.

बाटली तिबुर्सिओकडे दिलीय, उद्या मिळेल. चव सांगितल्यापेक्षा थोडी वेगळी लागली तर मनावर घेऊ नका, असल्या बाटल्या सारख्या नसतात. सोबत एक उशी आहे, मी स्वतः भरलेली, पाठीकडे जाड आणि मानेकडे पातळ. टेकून बसायला बरी. पीचचे डबे आहेत. एक बाहुली आहे, ती बायकोनं घेतली, बाहुलीचे डोळे मला आवडले नाहीत पण माझं ऐकतं कोण?

येण्याचं म्हणाल, तर ईस्टरचा पवित्र सप्ताह तोंडावर. गाडीमालक उरावर बसलेत, चाळीस गाड्यांच्या सीटा. तो हंगाम सरू द्या, मग बघू. आणि कोमाद्रे, डॉक्टर लोक घाबरवून ठेवतात, ते त्यांचं काम. देवाच्या मनात काय आहे ते त्या पोरसवदा बाईला कुठून कळणार?

तुमचा कोम्पाद्रे,
बासिलिओ


योसोकानू
रविवार, १६ फेब्रुवारी १९९७

कोम्पाद्रे,

उशी फार चांगली. पीच तिनं एकच फोड खाल्ली, बाकी वाटीत नाचवत बसली. बाहुलीला तिनं "डॉक्टर" म्हणून नाव ठेवलंय.

औषधाचं मात्र काही खरं नाही. मी घड्याळ चुकवत नाही. कोंबड्याच्या भरवशावर न राहता डोक्याशी गजर लावून असते. चमचा दिला की तासभर जरा सैल पडते, मग पुन्हा गुडघा छातीशी घेऊन गप्प. फिना रडत नाही हो, तुम्हाला माहीतच आहे. ती टोपीच्या पात्या चावते. मी शेजारी टोप्या विणते, ती ताडाची पाती उचलून दातात धरते, आणि संध्याकाळी पात्यांचा चोथा झालेला असतो. त्यावरून मी मोजते किती दुखलं.

डॉक्टरनं सांगितलेली गुंगी काही आली नाही. पोटही धरलं नाही. मला वाटलं, चला, पोरगी चिवट आहे. आणि औषध काही एवढं कडू नाही म्हणते. "आई, हे खोकल्याच्या औषधासारखंय."

शुक्रवारी दोन्या चोलेकडे जाऊन डॉक्टरला फोन लावला. घेवडा निवडणं चालू होतंच. डॉक्टर घाईत होती. म्हणाली, कमी पडतंय तर वाढवायचं, घाबरू नका, या औषधाला वरची हद्द नसते. दोन चमचे करा, येत्या मंगळवारी मी तिच्या पाद्रिनोकडे जास्त बाटल्या देते. फोन ठेवला तर चोले म्हणते, "दोन चमचे? अगं, घोड्याला देतेस का लेकराला?" आता गावभर झालं.

सासूबाईंचं वेगळंच. त्या दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "औषधानं काय होतंय? पोरगी धर्मबापाची वाट बघतेय. त्यानं येऊन कपाळाला हात लावून निरोप दिल्याशिवाय असलं लेकरू सुटत नाही. माझ्या धाकटीचं तसंच झालं होतं." मी म्हटलं, "सासूबाई, तिला सुटायचं नाहीये, तिला झोपायचंय." तर म्हणतात, "तेच ते."

कोम्पाद्रे, मी तुम्हाला निरोपासाठी बोलावत नाहीये. मला त्यातलं काही पटत नाही. पोरीला तुम्ही हवेत, तुमचे विनोद हवेत, एवढंच.

एर्मेलिंदा


पुएब्ला
शुक्रवार, २१ फेब्रुवारी १९९७

कोमाद्रे,

तुमच्या सासूबाईंना, दोन्या कॅसिल्दांना, माझा नमस्कार सांगा. म्हातारीची जीभ अजून कात्रीसारखी चालते, हे ऐकून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, धर्मबाप दुकानात गुंतलाय, निरोपबिरोप द्यायला त्याला सवड नाही, आणि सवड नाही तोवर सगळ्यांनी जिथल्या तिथं राहावं.

बाटल्या पाठवल्यात, या खेपेला दोन मोठ्या, तीन आठवडे पुरतील. पण एक सांगू? तुम्ही उगाच चमचे वाढवू नका. आमच्या गल्लीतल्या क्रिस्पिन गवंड्याच्या भावाला हेच औषध दिलं होतं, सुईतून. दुपारी दिलं. संध्याकाळी तो हसला, बोलला, सूप मागितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला खांद्यावर घेऊन गेले. मी खांदा दिलाय, म्हणून सांगतोय. दुखणं वाईट, कबूल. पण दुखतंय म्हणजे माणूस आहे.

मी नुआन्येजवळच्या एका बाईकडून विंचवाचं तेल मागवलंय, गुडघ्याला चोळायचं. शिवाय फिनाच्या नावानं नवस बोललोय. सीटांचा हंगाम संपला की येतो. खरंच येतो.

फिनासाठी कोडं: कुठल्या खुर्चीवर साठ माणसं रोज बसतात आणि ती एकदाही उठून नमस्कार करत नाही? उत्तर पुढच्या पत्रात.

बासिलिओ


योसोकानू
मंगळवार, ४ मार्च १९९७

कोम्पाद्रे,

कोड्याचं उत्तर तिनं लगेच दिलं, बससीट. म्हणाली, "पाद्रिनोची कोडी सगळी एकाच दुकानातली." हे गेल्या आठवड्यातलं. आता कोडी नकोत.

तेल चोळायला गेले तर तिनं माझा हात चावला. आयुष्यात पहिल्यांदा. मग माझ्याकडे बघून "माफ कर आई" म्हणाली आणि मग ओरडली. ते ओरडणं चौकापर्यंत गेलं. फादर प्रार्थना थांबवून आले. दोन चमचे देते, घड्याळाला धरून देते, आणि ती अर्ध्या तासात पुन्हा कण्हते. दमही लागतो. पंखा घालून माझा खांदा भरून येतो, मग सासूबाई घालतात. मध्येच थांबल्या की ती ओठ उघडे टाकून मासोळीसारखी बघते.

सासूबाईंनी पांढरं कापड आणलं. मी ते चुलीत घातलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी आणलं.

मला वाटतं, चूक माझीच असेल. चमचा लहान-मोठा होत असेल, नाही तर बाटली उन्हात राहिली असेल. नाही तर नाबोरला अजून कळवलं नाही, त्याचं पाप असेल. डॉक्टरनं एवढं तीनदा वदवून घेतलं आणि तरी मला जमत नाही. मी कसली आई?

काल तिनं विचारलं, "पाद्रिनो माझ्यावर रागावलाय का?" मी म्हटलं, नाही गं, काम आहे. ती म्हणाली, "मग सांग त्याला, मी त्याचा दुहेरी टाका शिकले. बाहुलीच्या पायाला घातलाय."

या हो. निरोप द्यायला या म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. पण या.

एर्मेलिंदा


योसोकानू, चौकातला बाक
बुधवार, १२ मार्च १९९७

कोमाद्रे एर्मेलिंदा,

मी आलोय. तुमच्या घरापासून शंभर पावलांवर बसलोय. हे पत्र तिबुर्सिओ तुम्हाला देईल, आणि सोबत बाटली. बाटलीच्या गळ्याला डॉक्टरनं स्वतः लिहिलेली चिठ्ठी बांधलीय. चिठ्ठी वाचल्याशिवाय एक थेंब देऊ नका. घरात माझ्या आधीच्या बाटल्यांतलं जे काही उरलं असेल ते ओतून टाका. हे आधी करा. मग पुढचं वाचा.

त्या बाटल्यांत मी पाणी घातलं.

पहिलीत निम्मं. उकळून गार केलेलं, वर थोडी साखर. तुम्ही दोन चमचे करणार म्हटल्यावर पुढच्या दोन्हींत चारातले तीन भाग पाणी. चमचा, घड्याळ, ऊन, नाबोर, यात तुमची काही चूक नाही. तुम्ही सगळं बरोबर केलंत. मी एकट्यानं चुकीचं केलं.

पहिल्या मंगळवारी बाबूनं कागद मोठ्यानं वाचला आणि मॉर्फिन हा शब्द माझ्या कानावर पडला. मला क्रिस्पिनचा भाऊ दिसला. आणि सासूबाईंचं ते बोलणं तुम्ही लिहायच्या आधीच माझ्या डोक्यात होतं, कारण मी त्याच गावचा. धर्मबाप हात लावतो आणि लेकरू जातं. पांढरा झगा धर्मबाप आणतो, कागदी मुकुट धर्मबाप घालतो. ती बाटली हातात धरली आणि वाटलं, हीच ती शेवटची वस्तू, जी माझ्या हातून तिच्याकडे जाणार. आम्हाला मूल नाही, कोमाद्रे. मी स्वतःशी म्हटलं, मी आलो नाही आणि हे पुरतं पोचलं नाही, तर ती जाणार नाही. अडून राहील. मला धंद्यात असंच जमत आलंय, अडवून धरायचं, भाव उतरतो. आयुष्यात एका सीटमध्ये भुसा भरला नाही मी. दुसरे भरतात, मी हसतो त्यांना. आणि हे केलं.

काल खिडकीवर डॉक्टर इरासेमा स्वतः होती. तुमच्या फोनवरून तिच्या मनात काही राहिलं होतं. मला विचारलं, "पोरीचं पोट धरलंय का?" मी हसलो, म्हटलं, डॉक्टरीणबाई, हे मला काय विचारता? ती हसली नाही. म्हणाली, "एवढं औषध पोटात जातंय आणि गुंगी नाही, पोट साफ, नाक खाजत नाही. एकतर ती मुलगी दगडाची आहे, नाही तर बाटलीत औषध नाही. सेन्योर बासिलिओ, बाटली तुमच्याकडून जाते."

मी सांगितलं. रांग उभी होती, तिच्यासमोर सांगितलं.

तिनं आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "हे औषध कोणाला मारत नाही. गवंड्याचा भाऊ मरणारच होता, तो न कण्हता गेला एवढंच." मी म्हटलं, मग आज खरी बाटली द्या, बसनं पाठवतो. तर म्हणाली, "आणि आई तिकडे दोन चमचे देतेय! तिला वाटतंय दोन, आत जातोय अर्धा. तुम्हाला काल पश्चात्ताप होऊन न सांगता खरी बाटली पाठवली असतीत, तर उद्या चौपट गेलं असतं आणि तेव्हा मात्र तुम्ही तिला खरोखर मारलं असतंत. आता नीट सुरुवातीपासून. मी चिठ्ठी लिहिते. घेऊन तुम्ही स्वतः जायचं आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं."

तोंडानं नाही जमलं. म्हणून हे लिहिलं. तुम्ही बोलावलंत तर येतो. नाही बोलावलंत तर इथंच बसून आहे.

बासिलिओ


बाटली मिळाली. चिठ्ठी वाचली. पहिला चमचा दिला.

तुम्ही जा. बस दोन वाजता आहे.

ए.


योसोकानू
बुधवार, २ एप्रिल १९९७

सेन्योर बासिलिओ,

आमची फिना, डेल्फिना, शुक्रवारी, २१ मार्चला सकाळी गेली. तुम्हाला तिबुर्सिओकडून कळलं असेलच. तरी लिहिणं माझं काम आहे, म्हणून लिहिते. कोम्पाद्रे लिहायला हात वळत नाही. ते नातं तुटत नसतं म्हणतात, तर राहू दे, पण मी ते कागदावर उतरवणार नाही.

तुमच्या त्या बाटलीनंतर काय झालं ते तुम्हाला कळलं पाहिजे. पहिले दोन दिवस झोपली. डॉक्टरनं सांगितलं होतं तशीच. सासूबाई म्हणाल्या, संपलं. मी म्हटलं, थांबा. पोट धरलं, पपई दिली, तेल दिलं. नाक खाजवायची, सारखी. मला त्या खाजेचं एवढं कौतुक वाटलं, की मी रडले. तिसऱ्या दिवशी डोळे उघडून म्हणाली, "आई, भूक लागलीय. मिठाची गरम तोर्तिया दे." दोन खाल्ल्या. कोंबडी उशीवर चढली, तर तिला शिव्या दिल्या. कुठून शिकली कोण जाणे, तुमच्याच असतील. उशांना टेकून बसायची, मी पंखा घालायचे, ती गप्पा मारायची. सासूबाईंना टोपी कशी चुकली ते दाखवायची. शेवटच्या दिवशी दम वाढला तेव्हाही घाबरली नाही, माझं बोट धरून होती, धरलेलं हळूहळू सैल पडलं.

असे नऊ दिवस. आधीचे बत्तीस. मी दोन्ही मोजलेत. तुम्ही तिला मरणापासून एक दिवसही अडवलं नाहीत, सेन्योर. गेली असती तेव्हाच गेली. तुम्ही फक्त त्या बत्तीस दिवसांतून तिला काढून घेतलंत आणि पात्या चावणारं दुसरंच कोणी माझ्याजवळ ठेवलंत.

एक माझंही आहे, ते लपवत नाही. त्या नऊ दिवसांत तिनं तुमच्याबद्दल विचारलं. दोनदा. तुम्ही बाकावर येऊन बसला होतात आणि मी तुम्हाला हाकललं, हे मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, "पाद्रिनोला जमलं नाही." तुम्हाला शिक्षा करायला मी तिच्याच वाट्याचं काढून घेतलं. म्हणजे मीही पाणी घातलंच. हे मला फादरला सांगता आलं नाही, तुम्हाला सांगतेय, कारण तुम्हालाच कळेल.

मुकुट तिबुर्सिओनं घातला. गावात कुजबुज झाली, धर्मबाप जिवंत असताना ड्रायव्हर कसा? मी म्हटलं, बाटल्या यानंच आणल्या, आत काय आहे ते न बघता. याचा हात स्वच्छ आहे.

तुम्ही पाठवलेली फुलं परत पाठवलीत. पैसेही परत. मला तुमच्याकडून एकच हवं. त्या खिडकीसमोर मंगळवारी आमच्यासारखीच माणसं उभी असतात, आणि त्यांच्या घरी चोले असते, कॅसिल्दा असते, क्रिस्पिनचा भाऊ असतो. डॉक्टर एकटी किती जणांना सांगणार? आणि तिचं ऐकतं कोण, ती शहरातली पोर. तुमचं ऐकतील. तुम्हाला बोलता येतं, लोकांना हसवता येतं. तर जा तिथं दर मंगळवारी, उभे राहा आणि सांगा तुम्ही काय केलंत. नाव घेऊन सांगा, तुमचं आणि तिचं. कितीदा, ते मी सांगणार नाही. थांबा असं माझं पत्र आलं की थांबा. ते येईलच असं समजू नका.

एर्मेलिंदा बाउतिस्ता


पुएब्ला–तेवाकान रस्त्यावर, बसमध्ये
मंगळवार, १५ एप्रिल १९९७

सेन्योरा एर्मेलिंदा,

अक्षर हलतंय, गाडी खड्ड्यांतून चाललीय.

आज दुसरा मंगळवार. पहिल्या मंगळवारी मी कशीबशी चार वाक्यं अडखळत बोललो. एक बाई म्हणाली, "दारू पिऊन आलायस का?" आज बरं जमलं. करंगळीची गोष्ट आधी सांगितली, लोक हसले, सैल झाले, मग मी फिनाचं नाव घेतलं. हसणं थांबलं. पात्या चावायची ते सांगितलं. बत्तीस सांगितले, नऊ सांगितले. कोडी घालणारा पाद्रिनो मीच, हेही सांगितलं. एका बाईनं शालीचं टोक तोंडाला लावलं. दुसरी माझ्या पायापाशी थुंकली. डॉक्टर खिडकीत कागद चाळत होती, तिनं मान वर केली नाही, पण खिडकी उघडी ठेवली.

मला वाटलं, झालं. टोपी उचलली आणि निघालो. फाटकाशी एक म्हातारा मागून आला. वुल्फ्रानो नाव, डोंगरापलीकडच्या शेळ्यावाल्यांपैकी. नात सहा वर्षांची, पोटात गाठ. बाटली त्यानं शर्टाच्या आत छातीशी धरलेली. त्यानं मला बाजूला घेतलं, आजूबाजूला बघितलं आणि अगदी मानानं विचारलं, "डॉन बासिलिओ, तुम्ही जरा जास्तच घातलंत, ते चुकलं. पण थोडं किती घातलं तर चालतं?"

मी त्याला सगळं परत सांगितलं. तो मान हलवत होता, हो हो म्हणत होता. मी पण असाच हो हो म्हणालो होतो, कोमाद्रे. त्याचे डोळे मी ओळखतो. त्याला वाटत होतं, ही शहरी माणसं काहीही सांगतात, आपण आपलं सांभाळू.

वर जाऊन डॉक्टरला सांगितलं. ती म्हणाली, "बाटली काढून घेतली तर पोरगी आजच कण्हेल. त्याच्यासोबत जाणारं माझ्याकडे कोणी नाही." दुकानात बारा माणसं आहेत, सीटा शिवल्या जातील.

म्हातारा आता खिडकीच्या बाजूला बसलाय, मी वाटेच्या बाजूला, म्हणजे माझ्यावरून गेल्याशिवाय त्याला उतरता येणार नाही. त्याला ते मुळीच आवडलेलं नाही. मघापासून दोनदा म्हणाला, "तुमची काही गरज नव्हती हो." बाटली अजून त्याच्या शर्टातच आहे. आम्ही पाच वाजता पोचू. सहाचा चमचा नातीला तिच्या आईच्या हातून जाताना मी समोर उभा राहणार आहे, आणि दहाचाही, आणि पोरीचं नाक खाजेपर्यंत तिथून हलणार नाही.

बासिलिओ